आधी पावण्यांची मोटर

कोल्हापूरच्या राजारामपुरीत दर चार दुकानांमागे एक क्लास आणि दर दोन क्लासांमागे एक दवाखाना. क्लासात डोकं दुखलं की रस्ता ओलांडून दवाखान्यात, अशी सोय ज्यानं केली तो माणूस दूरदृष्टीचा असला पाहिजे. असाच एक क्लास आणि एक दाताचा दवाखाना यांच्या मध्ये, घराच्या पुढच्या खोलीत, प्रसेनजीतचं दुकान होतं. पाटीवर 'प्रसेनजीत ऑटोमॅटिक कंट्रोल्स' असं ठळक लिहिलेलं. पाटी वाचून लोक मिक्सर दुरुस्तीला आणायचे. एक आजोबा तर कवळी घेऊन आले होते. शेजारचं गिऱ्हाईक चुकून इकडं आलंय, हे दोघांच्याही लक्षात यायला बराच वेळ लागला.

प्रसेनजीत बनवायचा ते डबे. पत्र्याचा डबा, आत एक छोटी चिप, चिपेत त्यानं स्वतः लिहिलेला प्रोग्रॅम. टाकी भरली की मोटर बंद करायची, वीज आली की चालू करायची, असली कामं तो डबा न कंटाळता करायचा. इंजिनियरिंगला त्याच्याबरोबर असलेली पोरं पुण्याला जाऊन मोठमोठ्या इमारतींत गार हवेला बसली होती. प्रसेनजीतला मात्र एकाच गोष्टीचं वेड. आपण राजारामपुरीत बसून चार ओळी लिहायच्या, आणि तिकडं कसबा बावड्याच्या रानात 'टक्' असा आवाज होऊन विहिरीच्या तळातली मोटर जागी व्हायची. ते 'टक्' ऐकलं की त्याच्या चेहऱ्यावर असा काही आनंद पसरायचा, की त्याच्या आईला, अंजनाबाईंना वाटायचं, पोरगं कुठंतरी प्रेमात पडलंय.

वडिलांना असलं काही वाटायचं नाही. वडील म्हणजे ज्ञानू मास्तर; शाळेतले नव्हे, एसटीतले. मूळचे चंदगडकडचे. एसटीत कंडक्टर म्हणून लागले आणि तिकीट तपासनीस म्हणून निवृत्त झाले. गाडीत चढल्या चढल्या कुठला पाय बिनतिकिटाचा आहे हे त्यांना चपलेवरून कळायचं, अशी डेपोत ख्याती होती. त्यांच्या हिशेबी जगात दोनच प्रकारची माणसं, तिकीट असलेली आणि नसलेली. नोकरी म्हणजे तिकीट. धंदा म्हणजे टपावर बसून केलेला प्रवास. वारं छान लागतं, पण फांदी कधी लागेल ते सांगता येत नाही.

त्यात पुण्याच्या एका कंपनीनं प्रसेनजीतला नोकरी देऊ केली. जूनच्या सुरुवातीला हजर व्हायचं होतं. घरात चर्चा झाली. कोल्हापुरात चर्चा म्हणजे गल्लीच्या दोन्ही टोकांना ऐकू जाईल असं बोलणं.

"आबा, मला हितंच ऱ्हायाचंय."

"ऱ्हा की! दातवाल्याच्या दारात कवळ्या धुवत ऱ्हा!"

शेवटी ज्ञानू मास्तरांनी तपासनिसाला शोभेल असा निवाडा दिला. "हे बघ प्रस्या. तुझा एक डबा, कुठलाबी, महिनाभर बिनतक्रार चालवून दाव. गिऱ्हाईक तक्रार घिऊन दारात आलं न्हाय पायजे. मग मी पुण्याचं नाव काढणार न्हाय. आलं, तर बॅग भरायची."

प्रसेनजीतनं हसत हसत मान्य केलं. कारण त्याच आठवड्यात त्याच्याकडं त्याच्या आयुष्यातलं सगळ्यात सोपं काम आलं होतं.

काम होतं हंबीररावांचं आणि आकारामांचं. दोघं कसबा बावड्याच्या कडेचे बागायतदार. शिवेला शीव लागलेली, दोघांच्या रानात आपापली विहीर, पण दोन्ही मोटरींना वीज देणारा डीपी, म्हणजे खांबावरचा ट्रान्सफॉर्मर, एकच, आणि तो मेला म्हातारा. दोन मोटरी एकदम सुरू झाल्या की ठो करून फ्यूज उडायचा. पूर्वी दोघं बांधावरून एकमेकांना हाळी मारून पाळी ठरवायचे. पण हंबीररावांची लेक क्रांती आकारामांच्या धैर्यशीलला दिली, आणि दोन शेजाऱ्यांचे दोन व्याही झाले. आता व्याह्याला हाळी मारायची म्हणजे काय? "ओ पावणं, तुमची मोटर बंद करा" असं म्हणायचं? जीभ झडंल की!

हंबीरराव फटफटीवरून दुकानात आले. माणूस उंचापुरा, आवाज तालमीतला.

"इंजिनेर, डबा असा बसवा की आकाराम पावण्यांची मोटर आधी. त्यास्नी पाणी नको असंल तरच माझी. लेक नांदती माझी त्या घरात. माझी मोटर आधी पळाली तर उद्या पोरगी तिथं मान वर करून जेवंल काय? आन हे पावण्यांस्नी कळू द्यायचं न्हाय. त्यास्नी अवघडल्यावाणी हुईल."

दुसऱ्या दिवशी सिटी बसनं आकाराम आले. हे बारीक अंगाचे, मऊ बोलणारे. दाराशी दवाखाना समजून चप्पल काढून आत आले.

"पोटची पोर दिलीया हो त्यांनी आमाला. पाण्याच्या पाळीचं काय घिऊन बसलाय? आधी हंबीरराव पावण्यांची मोटर. त्येंची मागणी असंल तर माझी गप ऱ्हाऊ दे. एवढं त्यास्नी मातर बोलू नका."

प्रसेनजीतला गुदगुल्याच झाल्या. दोन गिऱ्हाइकं, आणि दोघांची मागणी अक्षराला अक्षर सारखी! त्यानं एकच प्रोग्रॅम लिहिला. 'पलीकडची मोटर चालू असेल किंवा तिची मागणी असेल, तर थांब. नसेल, तर सुरू हो.' तोच दोन्ही चिपांत भरला. दोन डब्यांच्या मध्ये बांधाखालून एक तार टाकली. दुकानातल्या टेबलावर हे बटण दाबून बघितलं, मग ते बटण दाबून बघितलं. आधी हंबीररावांचा दिवा लागायचा, तो विझला की आकारामांचा. उलट करून बघितलं, तरी चोख. रानात डबे बसवले त्या दिवशी वीज होतीच. एक खटका दाबला, टक्. तो बंद केला, दुसरा दाबला, टक्. नारळ फुटला, पेढे वाटले, हंबीररावांनी प्रसेनजीतच्या पाठीत अशी थाप दिली की त्याला दोन दिवस पालथं झोपावं लागलं.

आणि त्यानंतर दोन्ही रानांत पाण्याचा थेंब आला नाही.

गंमत अशी, की हे बरेच दिवस कुणाला कळलंच नाही. मोटरी पाण्यातल्या, त्यांचा आवाज वर येत नाही. मध्ये पुरुषभर वाढलेला आडसाली ऊस, पलीकडचं दिसत नाही. हंबीरराव सकाळी विहिरीवर यायचे, आपली मोटर गप्प बघायचे आणि समाधानानं म्हणायचे, "पावण्यांचं चाललं असंल. चालू द्या." तिकडं आकाराम आपल्या कोरड्या पाटाकडं बघून म्हणायचे, "हंबीररावांचं भिजतंय म्हणायचं. भिजू द्या, भिजू द्या." एप्रिलचं ऊन तापलेलं. ऊस पिवळा पडायला लागला, पण दोघांची मनं कशी हिरवीगार!

हे बिंग क्रांतीनं फोडलं. ती माहेरी आली होती. बोलता बोलता म्हणाली, "आप्पा, तुमचा ऊस लई प्याला ह्या वक्ताला. आमचे मामंजी रोज म्हणत्यात, हंबीररावांचं हू दे आधी."

"माझा?" हंबीरराव उठून उभे राहिले. "माझा ऊस प्यालाय? अगं, चुन्यागत पांढरा पडलाय! मला वाटलं तुमचंच चाललंय!"

त्या दिवशी दोघं व्याही बांधावर भेटले, आणि एकमेकांची माफी मागता मागता दोघांच्याही डोळ्यांत पाणी आलं. त्या रानात त्या महिन्यात आलेलं पहिलं पाणी तेच.

मग दोघं प्रसेनजीतच्या दारात. तक्रार म्हणावी तर तीही धड नाही. हंबीरराव म्हणाले, "माझाच डबा बाद असणार." आकाराम म्हणाले, "छे छे, माझाच." आत ज्ञानू मास्तर वर्तमानपत्रामागं बसून सगळं ऐकत होते. पाहुणे गेल्यावर त्यांनी पेपर खाली केला.

"आलं गिऱ्हाईक दारात."

"आबा, मी बघतो. तारंत काय तरी आसंल."

"बघ. मी काय दुश्मन न्हाय तुझा. म्होरला मे महिना दिला तुला. ही शेवटची गाडी. चुकली, की थेट पुणं."

प्रसेनजीत रानात गेला. वीज होती. खटका दाबला, टक्. दुसरा दाबला, टक्. सगळं बिनचूक. तार बदलली, घुशीची बिळं बुजवली, डबे उघडून पुसले. सगळ्यांच्या देखत पाणी धोधो आलं. तो घरी परतला, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा ठणठणाट. दुकानातल्या टेबलावर त्यानं बोटं दुखेपर्यंत बटणं दाबली. एकदाही चूक नाही. चूक असती तर सापडली असती. चूकच नव्हती, आणि पाणीही नव्हतं.

रविवारी त्याची मावसबहीण संघप्रिया आली. ती एका कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायची आणि जगातल्या प्रत्येकाला विद्यार्थी समजायची. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "प्रस्या, ह्याला तपासणं म्हणत न्हाईत. तू नुसतं बटणं दाबून बघतोयस."

"मग आनि काय करू?"

"एक सॉफ्टवेअर हाय. परदेशातल्या विद्यापीठातल्या लोकांनी लिवलंय. तुझे डबे कसे वागतात एवढं त्याला लिहून द्यायचं. पहिल्यांदा काय, मग काय होऊ शकतं, त्याची शक्यता किती. मग ते काय काय घडू शकतं ते सगळंच्या सगळं तपासतं. आणि इचारलं की सांगतं, अमुक गोष्ट घडायची शक्यता एवढी. फुकट हाय. आतला कोडसुद्धा उघडा ठेवलाय, कुणीबी बघावा, बदलावा."

फुकट हा शब्द ऐकताच आतून ज्ञानू मास्तर बाहेर आले. बिनतिकीट काही चाललंय असा वास त्यांना सातासमुद्रापलीकडून यायचा. "फुकट? आनि वर आतलं यंत्रबी उघडून दावत्यात? त्येंचा काय फायदा? काय तरी लफडं हाय."

अंजनाबाई मिरची कांडायच्या डंकावर निघाल्या होत्या. मे लागायच्या आत वर्षाची चटणी कांडून व्हायला हवी. हातात मिरच्यांचं गाठोडं. त्या उंबऱ्यातूनच म्हणाल्या, "लफडं कशाचं? डंकावर कोण चटणी झाकून कांडतंय व्हय? शेजारणीनं इचारलं, धनं किती, लसूण किती, तर सांगायचंच असतंय. तिच्या घरचीबी चटणी चांगली झाली तर तुमचं काय जातंय?" आणि त्या गेल्यासुद्धा. संघप्रिया म्हणाली, "मावशी माझ्यापेक्षा बरं शिकवती."

नेट कॅफेत ते सॉफ्टवेअर उतरवून घेताना प्रसेनजीतचा अख्खा दिवस गेला. लाइन तुटायची, वीज जायची, पुन्हा पहिल्यापासून. घरच्या कॉम्प्युटरवर ते चालू झालं तेव्हा ज्ञानू मास्तर पाठीमागं उभे होते.

"ह्ये करतंय काय नेमकं?"

"आबा, तुम्ही तपासायला निघाला की एका दिवशी एक गाडी धरायचा, व्हय ना? बाकीच्या गाड्या तशाच जायच्या."

"जायच्याच की. माणूस एक, गाड्या कितीतरी."

"ह्यो तपासनीस सगळ्या गाड्यांत चढतो. आज सुटलेल्या, उद्या सुटणाऱ्या, सुटू शकल्या असत्या पण सुटल्या न्हाईत त्यासुद्धा. परत्येक थांब्यावर, परत्येक माणसाचं तिकीट बघतो."

ज्ञानू मास्तरांनी खुर्ची ओढून घेतली. मग आदरानं म्हणाले, "असला तपासनीस चंदगड डेपोला आला असता तर निम्मा डेपो रजेवर गेला असता."

प्रसेनजीतनं डब्यांचं वागणं लिहून काढलं. वीज येते, डबे जागे होतात, डबा मागणी करतो, पलीकडं बघतो, थांबतो किंवा सुरू होतो. मग प्रश्न विचारला: वीज आल्यावर, कधी ना कधी, दोघांतली कुठलीही एक मोटर सुरू होण्याची शक्यता किती? यंत्रानं क्षणाचाही विचार न करता उत्तर दिलं. शून्य.

शून्य! नव्व्याण्णव टक्के नाही, पन्नास नाही, पावशेरसुद्धा नाही. शून्य! प्रसेनजीत हसला. रोज टेबलावर चालणारी गोष्ट, आणि ह्याचं म्हणणं ती होणंच शक्य नाही. सॉफ्टवेअर फुकटातलं ते फुकटातलंच, असं त्याच्याही मनात येऊन गेलं. ते वापरणाऱ्या लोकांची इंटरनेटवर एक टपालयादी होती. एकानं विचारलं की जगातलं कुणीही उत्तर द्यायचं. त्यानं आपलं सगळं लिखाण जोडून कोल्हापुरी ठसक्यात इंग्रजी पत्र ठोकलं, की तुमच्या सॉफ्टवेअरात चूक आहे, आणि मी स्वतः बटण दाबून पाहिलेलं आहे.

दोन दिवसांनी तो उत्तर बघायला नेट कॅफेत गेला. उत्तर आलं होतं. कुणा सभ्य गृहस्थानं लिहिलं होतं, की आम्हाला तपासात चूक आढळली नाही. तुमच्या वर्णनात वीज येताच दोन्ही डबे एकाच क्षणी जागे होतात, एकाच क्षणी मागणी करतात, एकमेकांची मागणी बघतात आणि दोन्ही थांबतात. पुढं कायम थांबलेले राहतात. तुमच्याकडं प्रत्यक्षात असंच घडतं का? शेवटी एक ओळ जास्तीची: 'इतकी विनयशील यंत्रं आम्ही पूर्वी पाहिलेली नाहीत.'

एकाच क्षणी? छे! आपण तर आधी हे बटण दाबतो, मग ते... प्रसेनजीत एवढा विचार करतोय तोवर वीज गेली. कॅफेतल्या गिऱ्हाइकांनी एका सुरात 'ऑ' केलं. मालकानं सवयीनं पुठ्ठ्यानं वारा घ्यायला सुरुवात केली. आणि थोड्या वेळानं वीज आली. सगळे पंखे, सगळ्या ट्यूबा, सगळे कॉम्प्युटर एकदम 'बीप' करून जागे झाले. समोरच्या पिठाच्या गिरणीनं हुंकार दिला, वरच्या मजल्यावर रेडिओ गायला लागला, सगळं एकाच क्षणी.

"एकदमच!" प्रसेनजीत खुर्चीवरून उडाला. "सगळी एकदमच उठत्यात की!"

"उठा, पर पैसे देऊन उठा," मालक म्हणाला.

रानात बटण दाबतो कोण? खटका दिवसरात्र 'ऑटो'वर. वीज कधी येईल ते वीजमंडळाला ठाऊक नाही तर शेतकऱ्याला काय ठाऊक! ती आली की दोन्ही डबे एकदम डोळे उघडणार, एकमेकांकडं बघणार आणि म्हणणार, "आधी तुमचं होऊ द्या, पावणं." "छे छे, आधी तुमचं." आणि वीज परत जाईपर्यंत दोघं हात जोडून उभे. प्रसेनजीतनं दोन व्याह्यांची हुबेहूब नक्कल दोन चिपांत भरून ठेवली होती.

चूक सापडली, म्हणजे इलाज सोपा. एका डब्याला थोडं उद्धट करायचं. दोघं एकदम उठले तर यानं आधी जावं, मग त्यानं. एक आकडा बदलायचा, बस. फक्त कुणाचा डबा उद्धट करायचा, एवढं विचारायला प्रसेनजीत आकारामांच्या घरी गेला. हंबीररावांनाही बोलावून घेतलं. क्रांतीनं चहा आणला.

"तर मग," प्रसेनजीत म्हणाला, "एकदम वीज आली तर पहिली मोटर कुणाची?"

"पावण्यांची," दोघं एकदम म्हणाले.

"कुठल्या पावण्यांची?"

"ह्येंची," दोघांनी एकमेकांकडं बोट केलं.

"आकाराम पावणं, मी पोरीचा बाप हाय. माझा मान खाली."

"हंबीरराव, असं बोलून आमाला लाजवू नका. आमच्या दारात बसून तुमी मान खाली म्हणताय? मी चहाला शिवणार न्हाय."

"मग मीबी न्हाय."

दोन्ही कप तसेच राहिले. प्रसेनजीतला वाटलं, आपण घर सोडून विहिरीवर आलोय आणि समोर तेच दोन डबे बसलेत. अर्धा तास गेला. चहावर साय धरली. धैर्यशील गोठ्यात निघून गेला. क्रांती दाराच्या चौकटीला टेकून आळीपाळीनं बाप आणि सासरा यांच्याकडं बघत होती. शेवटी तिचा संयम सुटला.

"आप्पा! मामंजी! पोरं गल्लीत इटीदांडू खेळाय लागली तरी एवढं भांडत न्हाईत! छापा-काटा करा की! ज्याचा छापा त्येचं पाणी आधी!"

दोघा व्याह्यांनी एकमेकांकडं पाहिलं. नाणं उडवायचं. मग आपली मोटर आधी लागली तर ती आपण लावली नाही, आणि पावण्यांची थांबली तर ती आपण थांबवली नाही. अपमान कुणी केला? नाण्यानं. आणि नाणं तर कुणाचा व्याही नाही!

"ह्ये जमंल," हंबीरराव म्हणाले.

"जमंल की," आकाराम म्हणाले, आणि दोघांनी गार चहा घशात ओतला.

प्रसेनजीत मात्र पळतच घरी आला. नाणं! त्या सॉफ्टवेअरची सगळी करामतच मुळी शक्यतेची. ज्यात नाणं उडतं, फासा पडतो, तेच तर त्याचं घरचं मैदान. त्यानं डब्यांचा प्रोग्रॅम नव्यानं लिहिला. दोघांची मागणी एकदम आली तर दोन्ही डब्यांनी आतल्या आत आपापलं नाणं उडवायचं. एकाचा छापा, दुसऱ्याचा काटा, तर छापावाल्यानं जायचं. दोघांचं सारखं पडलं तर पुन्हा उडवायचं. हेच सॉफ्टवेअरला लिहून दिलं आणि तोच प्रश्न विचारला. उत्तर आलं: एक. म्हणजे शंभर टक्के.

ज्ञानू मास्तर पाठीमागं होतेच. चष्मा पुसून त्यांनी तो एक आकडा नीट तपासला. मग शंका काढली.

"आनि दोघांचं कायम सारखंच पडत गेलं तर? छापा-छापा, काटा-काटा?"

"त्येची शक्यता शून्य, आबा."

"शून्य म्हंजे हुणारच न्हाय?"

प्रसेनजीत जरा अडखळला. "तसं... हू शकतंय. पर हुत न्हाय."

"अस्सं." मास्तरांनी मान डोलावली. "चंदगडच्या पावसाळ्यातल्या शेवटच्या गाडीगत. ती सुटणार म्हणून पाटीवर लिवलेलं असायचं, पर सुटत न्हवती."

साधारण किती वेळा नाणं उडवावं लागेल तेही त्या तपासनिसानं सांगितलं. सरासरी दोनदा. डब्याला तेवढं करायला डोळ्याचं पातं लवण्याइतकाही वेळ लागणार नव्हता.

मे महिना लागता लागता नवे डबे बसले. ह्या खेपेला प्रसेनजीतनं खटक्याला हात लावला नाही. नारळ आणला नाही, पेढे नाहीत. सगळे बांधावर बसून विजेची वाट बघत राहिले, दोन व्याही, क्रांती, धैर्यशील, आणि 'सहज आलतो' म्हणणारे ज्ञानू मास्तर. वीज आली. दोन्ही डब्यांवरचे दिवे लागले. आणि मग आकारामांच्या बाजूनं आवाज आला, टक्. पाटात आधी फेस, मग गढूळ, मग स्वच्छ पाणी आलं. हंबीररावांनी आनंदानं अशी आरोळी ठोकली की पलीकडच्या रानातले बगळे उठले. दुसऱ्या दिवशी त्यांचीच मोटर आधी लागली. ते माफी मागायला बांध ओलांडून निघाले, तर मधेच आकाराम भेटले, अभिनंदन करायला निघालेले.

"नाण्यानं केलं ओ पावणं."

"केलं तर केलं. नाण्याला काय कळतंय मानपान?"

प्रसेनजीतनं त्या टपालयादीवर माफीचं पत्र लिहिलं. नुसतं पत्र पाठवणार होता, पण अंजनाबाईंनी अडवलं. "शेजारणीचं भांडं रिकामं परत द्यायचं नसतंय. काय तरी घालून दे." म्हणून त्यानं दोन डब्यांचं सगळं लिखाण, आधीचं चुकलेलं आणि नंतरचं बरोबर, सगळ्यांना वापरायला म्हणून जोडून दिलं. वर मथळा द्यायचा होता, आणि व्याह्याला इंग्रजीत शब्द सापडेना. मुलीच्या सासऱ्याचा मुलाच्या सासऱ्याशी असलेला संबंध समजावून सांगताना पत्र दोन पानांचं झालं. उलट टपाली आभार आले, आणि एकानं काळजीनं विचारलं, की तुमच्याकडं ही सभ्यता कायद्यानं सक्तीची आहे का?

असा महिना सरत आला. ज्ञानू मास्तर रोज सकाळी दाराकडं बघत बसायचे. तक्रार नाही. एक दिवस गेला, दुसरा गेला. आणि महिना संपायला एकच दिवस उरला असताना गल्लीत फटफटीचा आवाज आला. हंबीरराव. चेहरा पडलेला. मास्तरांनी पेपर खाली केला. प्रसेनजीतच्या हातातला पेचकस तसाच राहिला.

"मास्तर, तक्रार हाय," हंबीरराव म्हणाले.

आतल्या खोलीत कपाटावर ठेवलेली बॅग प्रसेनजीतच्या डोळ्यांसमोर आपोआप उघडली.

"बोला," मास्तर म्हणाले. आवाज थेट तपासनिसाचा.

"लागोपाठ चार दिस माझीच मोटर आधी लागली. पावणं तोंडानं बोलत न्हाईत. पर मनात म्हणत असतील का न्हाय, की हंबीररावानं इंजिनेराला कोंबडं खायाला घातलं?"

"नाणं हाय काका ते," प्रसेनजीत कसाबसा म्हणाला. "लागोपाठ पडू शकतंय. उद्या..."

"तू गप," मास्तर म्हणाले. मग हंबीररावांकडं वळले. "पाणी आलं काय?"

"आलं की."

"रोज?"

"रोज."

"पावण्यांस्नीबी?"

"त्यास्नीबी. दोघांचा ऊस बघा येऊन, कसा काळाभोर झालाय."

ज्ञानू मास्तर उठले. पेपरची घडी घातली. गणवेश नव्हता अंगावर, पण असल्यासारखे ताठ झाले.

"हंबीरराव, गाडी येळंवर सुटली, तुमच्याजवळ तिकीट हाय, आन तुमी मुक्कामाला पोचलाय. खिडकीजवळची जागा रोज मलाच का, ही तक्रार एस्टी घेत न्हाय. बसा. अंजना, चहा टाक."

हंबीरराव बसले. प्रसेनजीत उभाच. त्यानं हळूच विचारलं, "आबा, मग पुण्याचं?"

"त्येचं मी बघतो."

चप्पल सरकवून मास्तर कोपऱ्यावरच्या टेलिफोन बूथवर गेले. बूथचं दार लावून घ्यायचं असतं हे त्यांना मान्य नव्हतं. लांबचा फोन मोठ्यानं बोलल्याशिवाय पोचत नाही ही त्यांची जुनी श्रद्धा. त्यामुळं पुढचं सगळं राजारामपुरीतल्या क्लासांनी, दवाखान्यांनी आणि चहा पिणाऱ्या हंबीररावांनी बसल्या जागी ऐकलं.

"हॅलो! पुणं काय? प्रसेनजीतचा बाप बोलतोय! पोरगं येत न्हाय!... न्हाय म्हंतोय! पगार? पगाराचं काय न्हाय ओ!... कारण?"

इथं क्षणभर आवाज थांबला. गल्लीही थांबली.

"कारण म्हंजे असं हाय सायेब, हितं दोन व्याही हायती. त्येंचा कारभार लई नाजूक हाय. माणूस हाताशी लागतोय!"